शिकलेला कुत्रा ऐकेनासा होतो तेव्हा

पिल्लू घरी आणणारे लोक मला विचारतात, खायला काय द्यायचं, लस कधी टोचायची, शू-शीची सवय कशी लावायची. वर्षभराचा कुत्रा घेऊन येणारे मात्र बहुधा एकच गोष्ट सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज पडलेला असतो. ‘मॅडम, याला सगळं येत होतं. आता काहीच येत नाही.’

मी वर्ध्याच्या नालवाडीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. प्रशिक्षक नाही, पशुवैद्यही नाही. पण आमच्या घरी तांबू वाढला, तो बिघडला असं सगळ्या ले-आउटला वाटलं, आणि मग हळूहळू तो वळणावर आला. हे मी रोज जवळून पाहिलं, वहीत लिहिलं आणि त्या विषयावर मिळेल ते वाचलं. त्यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. कुत्रा जे एकदा नीट शिकतो ते पुसलं जात नाही. वयाखाली, भीतीखाली, दुखण्याखाली ते दबतं. पुसलं गेलं असं मानणारा माणूस चिडतो, मारतो, शेवटी कुत्रा कुणाला तरी देऊन टाकतो. दबलं आहे हे ज्याला कळतं तो कशाखाली दबलं ते शोधायला लागतो. पुढचं सगळं त्या शोधाबद्दल आहे.

तांबू गावठी. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर, रचून ठेवलेल्या विटांच्या आडोशाला, ऐन थंडीत जन्मलेला. त्याची भावंडं एकामागून एक गेली, काही गाड्यांखाली, काही आजाराने. हे नेहमीचंच आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांतली जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली. २०१६ साली हा अभ्यास छापून आला. तांबू वाचला, घरात आला आणि भराभर शिकला. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ हे चार शब्द त्याला पाच महिन्यांचा असताना येत होते. दाराशी आलेल्या मुलांच्या अंगावर उडी मारायची नाही, हेही त्याला कळलं होतं.

पोळ्याच्या सुमारास चित्र पालटलं. तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. तान्ह्या पोळ्याला ले-आउटमधली पोरं सजवलेले लाकडी नंदी ओढत बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला आली, आणि ज्यांच्या हातून तांबूने पोळीचे तुकडे खाल्ले होते त्याच पोरांवर तो नंदीच्या चाकांच्या आवाजाने धावून भुंकला. ‘मॅडम, तांबू आमाले वळखत नाही काय?’ एका मुलीने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग रोज काहीतरी नवं. ‘ये’ म्हटलं की थांबून माझ्याकडे पाहायचा आणि उलट दिशेने गाजरगवतात शिरायचा. दूधवाल्या भाऊंच्या मोटारसायकलवर झेप घ्यायचा. पट्टा असा ओढायचा की खांदा दुखे. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, ‘काहून वो, हा त पह्यले असा नोता.’

काकूंचं निरीक्षण बरोबर होतं, आणि ते जगभरच्या कुत्रेवाल्यांचं आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या लूसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये यावर एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध केला. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांना त्यांनी पाच महिन्यांचे असताना आणि पुन्हा आठ महिन्यांचे असताना ‘बस’ म्हणून पाहिलं. एकदा सांभाळणाऱ्या माणसाने सांगितलं, एकदा परक्याने. आठव्या महिन्यात कुत्रे सांभाळणाऱ्या माणसाचं पूर्वीपेक्षा कमी ऐकू लागले होते, परक्याचं मात्र ऐकत होते. म्हणजे ‘बस’ म्हणजे काय हे त्यांना चांगलं आठवत होतं. ज्याच्याशी नातं घट्ट, त्याच्याशीच ओढाताण. वर्षाचे झाल्यावर तेच कुत्रे पुन्हा ऐकू लागले. नववी-दहावीचे वर्ग शिकवणाऱ्या मला हा निष्कर्ष वाचून नवल वाटलं नाही, पण फार धीर आला. तांबू परक्यांचं ऐकतो आणि माझं ऐकत नाही, हा माझा अपमान नव्हता. त्याच्या वयाचं ते लक्षण होतं, आणि या वयाला शेवट असतो.

मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत हे वय लांबतं. शरीराने पूर्ण दिसणारा कुत्रा डोक्याने अजून अर्धवट असतो, आणि नेमका त्याच दिसण्यामुळे आपण त्याच्याकडून मोठ्याची समज मागतो. पिल्लाने चप्पल चावली तर हसणारं घर दहा महिन्यांच्या कुत्र्याने ती चावली की संतापतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आबाजी राहतात. आयुष्य शेतीत गेलं, राखणीला कायम कुत्री होती. ते आपुलकीने म्हणाले, ‘मॅडम, कुत्र्याले एकदा दाखवून द्या मालक कोन हाय त. मंग पाहा कसा सुतासारका सरळ येते.’ आबाजींचा मला आदर आहे, कुत्र्याचं दुखणं ते चालीवरून ओळखतात. पण हा सल्ला मी मानला नाही, आणि का मानला नाही ते त्यांना ओट्यावर बसून सांगितलं. कुत्र्यांच्या टोळीत एक म्होरक्या असतो, तो दाबून राज्य करतो, तेव्हा माणसाने म्होरक्या व्हावं, ही कल्पना लांडग्यांवरून आली. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या झटापटी नोंदवल्या. डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या पुस्तकातून ती कल्पना घरोघर पोचवली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षे पाहिले. तिथे टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं असं साधं कुटुंब निघालं. १९९९ मध्ये त्यांनी ते स्पष्ट लिहिलं, आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून प्रकाशकाकडे आग्रह धरला. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाबद्दल असं वागणारा अभ्यासक मला फार मोठा वाटतो.

मारून कुत्रा थांबतो, हे खरं आहे. पण थांबतो म्हणजे शिकतो असं नाही. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये आला. झटके, ओरडा, गळपट्ट्याचे हिसके यांनी शिकवल्या गेलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त होती, लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक प्रशिक्षणानंतर जास्त वाढत होतं, आणि खाऊ असेल की नसेल अशा संदिग्ध जागी ठेवलेल्या भांड्याकडे ते कमी उत्साहाने जात होते. वाईटच निघेल, अशी त्यांची अपेक्षा बनली होती. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे न गुरगुरता सरळ चावू शकतो. सूचना देण्याची त्याची रीतच आपण काढून घेतलेली असते. आबाजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आमच्या वाघ्यानं असंच चावलं होतं.’ नंतर बराच वेळ ते त्या कुत्र्याबद्दल बोलत राहिले.

तांबूची खरी घसरण दिवाळीत झाली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या फाटकाच्या अगदी बाहेर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. तांबू अंगणात होता. दुसऱ्या दिवसापासून तो फाटकाकडे जाईना. पट्टा हातात घेतला की जमिनीला चिकटून पडायचा. अंगणात ठेवलेलं जेवण तसंच राहायचं. ‘बस’ म्हटलं तर नुसता पाहायचा, आणि त्या पाहण्यात ओळखच नसे. आठव्या महिन्यातलं ऐकेनासं होणं निराळं आणि हे निराळं, हे पाहताक्षणी कळत होतं.

याच दिवसांत मी पावलोव्हकडे परत गेले. पावलोव्हचा कुत्रा आमच्या पुस्तकांत असतो: घंटा, मांस, लाळ. त्या पानावर न येणारी एक गोष्ट आहे. २३ सप्टेंबर १९२४. लेनिनग्राड शहर, पावलोव्ह पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. समुद्राकडून वादळी वारा आला, नेवा नदीचं पाणी उलटं शहरात शिरलं आणि प्रयोगशाळेच्या कुत्र्यांच्या कोठ्यांत चढत गेलं. पिंजऱ्यांच्या छताशी नाकं धरून कुत्री पोहत होती. पिंजऱ्यांची दारं खाली, पाण्यात बुडालेली. वाचवायला आलेल्या माणसांनी त्यांना आधी पाण्याखाली ओढलं आणि मग बाहेर काढलं. कुत्री वाचली. पण पूर ओसरल्यावर वेगळंच दिसलं. वर्षानुवर्षे शिकलेल्या खुणा काही कुत्री साफ विसरली होती. आधीपासून भित्री असलेली कुत्री जास्त. दिवा लागला, आवाज झाला, तरी लाळ नाही. समोर ठेवलेलं खाणंही नको.

पावलोव्हचे सहकारी स्पेरान्स्की यांनी अशा एका कुत्र्यावर काम केलं. या प्रयोगांत कुत्रा खोलीत एकटा असे आणि माणूस बाहेर, भिंतीआड. स्पेरान्स्की आत जाऊन कुत्र्याजवळ बसले. आणि ‘गेलेल्या’ खुणा परत आल्या. ते बाहेर गेले की पुन्हा नाहीशा. इतकंच काय, त्यांचे कपडे खोलीत ठेवले, तरी त्या वासाने फरक पडला. दिवस लोटले, कुत्रा सावरला, सगळं पूर्ववत झालं. मग एकदा त्यांनी खोलीच्या दाराखालून थोडं पाणी आत सोडलं. एवढंसं पाणी फरशीवर पसरलं आणि कुत्रा पुन्हा सैरभैर होऊन शिकलेलं हरवून बसला.

एका प्रयोगात तीन गोष्टी दिसतात. शिकलेलं भीतीने नाहीसं होतं, पण कायमचं जात नाही. ओळखीच्या माणसाच्या नुसत्या जवळ असण्याने ते वर येतं. आणि बरा झालेला कुत्रा त्याच भीतीची छोटी खूण दिसली की पुन्हा घसरतो. ही घसरण म्हणजे उपचार फसले असं नव्हे.

मी वह्यांचा गठ्ठा घेऊन अंगणाच्या पायरीवर बसू लागले. तपासायच्या वह्या तर होत्याच. तांबूला हाक नाही, आग्रह नाही, पट्टा नाही. तो दारातून पाहायचा. मग येऊन पायाशी पडायचा. मी हळूहळू बसायची जागा फाटकाकडे सरकवत नेली, तो जिथे थांबे तिथून पुढे नाही. उकडलेल्या अंड्याचा तुकडा शेजारी ठेवायचा, त्याने घेतला तर घेतला. इथे एक गोष्ट फार उपयोगाची ठरली, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी: कुत्रा आवडता खाऊ तोंडात घेत नसेल, तर तो शिकण्याच्या स्थितीत नाही. त्या क्षणी काही शिकवू नये, फक्त अंतर वाढवावं. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, लाड होतात, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. भीती ही भावना आहे, सवय नाही. धीर दिल्याने ती वाढत नाही. तांबू जवळ येऊन टेकला तर मी त्याच्या छातीवर हात ठेवत असे, दूर बसला तर त्याला दूर बसू देत असे.

तो फाटकाबाहेर पडला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला, आणि मग लग्नसराई आली. डीजेच्या पहिल्या वरातीने सगळं पुन्हा मागे गेलं. घरच्यांनी हाय खाल्ली. पण दाराखालच्या पाण्याची गोष्ट मला माहीत होती. या वेळी पायरीवर बसण्याचा काळ पहिल्यापेक्षा कितीतरी कमी लागला. त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला तो आणखी कमी झाला. आता दिवाळीच्या दिवसांत त्याला अंधार पडण्याआधीच फिरवून आणतो, आतल्या खोलीत त्याचं अंथरूण घालतो, खिडक्या लावून कूलर नुसत्या हवेवर चालू ठेवतो. त्या घरघरीत बाहेरचे आवाज बोथट होतात. फारच घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी डॉक्टर औषध देतात. ते आधी विचारून ठेवावं, ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री दवाखाना उघडा नसतो.

घसरणीचं आणखी एक कारण फार साधं आहे आणि म्हणूनच सुटतं. कुत्रा शब्द एकटा शिकत नाही, जागेसकट शिकतो. व्हरांड्यात, संध्याकाळी, माझ्या हातात वाटी असताना ‘बस’ म्हणजे बसायचं, हे तांबूला पक्कं होतं. नागपूर रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या हॉर्नमध्ये, समोर म्हशी चालल्या असताना तो शब्द त्याने कधी शिकलाच नव्हता. व्हरमाँट विद्यापीठातल्या मार्क बाउटन यांनी याच विषयात हयात घालवली. मोडलेली जुनी सवय खरं म्हणजे मोडत नाही, तिच्यावर नवी सवय चढते, आणि ती नवी सवय जिथे शिकवली त्या जागेशी बांधलेली राहते, असं त्यांच्या प्रयोगांतून दिसतं. जागा बदलली की जुनी सवय डोकं वर काढते. काही काळ खंड पडला तरी काढते. तेव्हा मामाच्या गावाहून आठ दिवसांनी परत आलेला कुत्रा पुन्हा उड्या मारू लागला, तर त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही. तेच धडे नव्या जागी, पहिल्या पायरीपासून, पण यावेळी भराभर.

मोटारसायकलींसाठी आम्ही रस्ता सोडून मागे, शेताच्या धुऱ्यावर उभे राहू लागलो. तिथून गाड्या दिसतात, पण तांबू त्या दिसत असतानाही शेंगदाणे खातो. गाडी दिसली की शेंगदाणा, गेली की बंद. अंतर किती ठेवायचं हे मी ठरवत नव्हते, त्याचं खाणं ठरवत होतं. एखाद्या दिवशी कान ताठ झाले, तोंड मिटलं, की आम्ही मागे सरकायचो. पुढे दूधवाल्या भाऊंनी स्वतःहून मदत केली. ते गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून गाडी हाताने ढकलत येऊ लागले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

‘ये’ या हाकेचं निराळं. फिरणं संपवायचं असलं की ‘ये’, नखं कापायची असली की ‘ये’, डबक्यातून बाहेर काढायचं असलं की ‘ये’. या वयातला कुत्रा हा हिशोब चटकन मांडतो. आम्ही ती हाक काही काळ बंदच ठेवली आणि शीळ सुरू केली. गळपट्ट्याऐवजी छातीच्या हार्नेसला लांब नायलॉनचा दोर बांधून जवळच्या गोपुरीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत सोडायचं. तो स्वतःहून वळून पाहील तेव्हाच शीळ घालायची, आला की अंड्याचा तुकडा, आणि लगेच ‘जा’ म्हणून परत मोकळं. येणं म्हणजे मोकळीक संपणं, हा त्याचा हिशोब असा बदलला. दोर मात्र लवकर काढू नये. दोराविना पळून जाण्याची गंमत एकदा कळली की तीही तो शिकतो.

धडे लहान ठेवले. डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज शिकवल्या जाणाऱ्या कुत्र्यांपेक्षा आठवड्यातून एक-दोनदा, थोडा वेळ शिकवल्या जाणाऱ्यांना तेच काम शिकायला कमी धडे लागले. घसरण दिसली की आपण घाबरून शिकवणी वाढवतो, दिवसातून तीन-तीनदा. या वयात त्याने दोघेही थकतात. धड्यांऐवजी वास घेत केलेली संथ फेरी जास्त कामाची. तिथे कुत्र्याचं नाक चालतं आणि डोकं निवतं.

भुंकून लक्ष वेधणाऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करा, असं सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. दुर्लक्ष सुरू केलं की भुंकणं आधी वाढतं, खूप वाढतं, आणि मग ओसरतं. बहुतेक घरं नेमकी त्या शिखरावर हार मानून पोळी टाकतात. मग कुत्रा शिकतो की पूर्वीपेक्षा दुप्पट भुंकलं की मिळतं. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं, आणि गप्प बसल्याच्या पहिल्या क्षणाला काहीतरी द्यावं, तरच हे पार पडतं.

या सगळ्याच्या आधी दवाखाना. वागणं अचानक बदललं तर पहिला संशय दुखण्याचा घ्यावा. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकारी २०२० मध्ये लिहितात की त्यांच्याकडे वागणुकीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या प्राण्यांत सुमारे एक तृतीयांश प्राण्यांना कुठलं तरी दुखणं असतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरचा लॅब्रॅडॉर डोक्यावर हात ठेवला की गुरगुरू लागला होता. उर्मट झाला म्हणून त्याला बांधून ठेवायला लागले होते. कानात आतपर्यंत संसर्ग निघाला. आपल्याकडे पावसाळ्यात गोचिडांचा सुकाळ असतो आणि गोचीड तापाचा कुत्रा आधी मलूल, चिडका होतो, मग जेवण सोडतो. अंगावर गोचीड दिसो न दिसो, रक्त तपासून घ्यावं. गुंतागुंत असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला लांब नाही. नसबंदीबद्दलही डॉक्टरांशीच बोलावं. नराचं भटकणं आणि जागोजागी मुतणं तिने कमी होऊ शकतं, भीती मात्र तिने जाईलच असं नाही.

उन्हाळ्याकडे तर कुणी लक्षच देत नाही. वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. डांबर सकाळी नऊलाच तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर काही सेकंद ठेवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही तिथे भाजतात. फिरणं पहाटे आणि रात्री, मधले तास घरात कोंडलेले. दीड वर्षाचा तांबू त्या कोंडमाऱ्यात उशा फाडू लागला. ते वळण बिघडणं नव्हतं, साठलेली शक्ती होती. पोत्यात भाकरीचे तुकडे दडवून ते शोधायला लावलं, ताक गोठवून चाटायला दिलं, वाळ्याच्या ताट्यांसमोर त्याची जागा केली. पहिला पाऊस पडेपर्यंत तेवढ्यावर निभावलं.

‘गावठी कुत्रं कितीही शिकवा, जातीवर जाते’ असं मला तोंडावर सांगितलं गेलं आहे. भद्र यांच्या गटाच्या अभ्यासांत रस्त्यावरची कुत्री माणसाने बोटाने दाखवलेली दिशा ओळखतात. अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाण्यापेक्षा अंगावरून फिरवलेला हात जास्त उपयोगी पडतो, हेही २०१७ साली त्यांनी दाखवलं. जात विकत घेण्याआधी हे वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या उन्हात झगडणारी लांब केसांची कुत्री मी शहरात पाहते तेव्हा जीव तुटतो.

एक काळजी मात्र कुठल्याही जातीत सारखीच. घसरणीच्या काळात कुत्रा आणि लहान मुलं यांना एकत्र एकटं सोडू नये. बाहेर नेताना तोंडाला जाळी लावण्यात कमीपणा नाही. जाळी अशी हवी की तिच्यातून त्याला तोंड उघडता येईल, पाणी पिता येईल. आणि लस झालेल्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय उरत नाही.

हे सगळं मी एवढ्या आग्रहाने लिहिते, कारण याच वयातली कुत्री मला नागपूर रस्त्यावर सापडतात. गळ्यात पट्ट्याची खूण, अंग स्वच्छ, आणि प्रत्येक गाडी थांबली की दाराकडे धाव. पाळलेला प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे, पण पोलिसांत कोण जातं. बेवारस कुत्र्यांचा प्रश्न तसा जुनाच आहे. नालवाडीला विनोबा १९३२ साली येऊन राहिले, जवळच्या सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ साली, गांधीजींनी कुत्र्यांवर लेखमाला लिहिली होती, हे इथल्याही फार थोड्यांना ठाऊक आहे. अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठेक भटकी कुत्री मारवली, त्यावरून वाद पेटला होता. गांधीजींनी त्या मारण्याची बाजू घेतली, ती मला पटत नाही. पण त्यांचा मूळ मुद्दा मी सोडू शकत नाही. बेवारस कुत्रा हा समाजाचा दोष आहे आणि तुकडा टाकणं म्हणजे दया नव्हे, पाळायचं तर पुरतं पाळावं, असं ते सांगत होते. पुरतं पाळणं म्हणजे काय, ते आठव्या महिन्यानंतर कळतं.

तांबू आता तीन वर्षांचा आहे. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल गेली की अजूनही उसळतो. तान्ह्या पोळ्याला फाटकाशी बसतो आणि नंदी ओढणाऱ्या पोरांकडे पाहत राहतो, चाकं फारच खडखडली तर उठून माझ्यामागे येतो. मागच्या आठवड्यात एक पालक भेटले. अकरा महिन्यांचं देशी कुत्रं, पट्टा ओढतं, हाक ऐकत नाही, आईंना आता नको वाटतं. शेतावर सोडून येणार होते. मी त्यांना रविवारी सकाळी सहाला गोपुरीच्या बाजूला बोलावलं आहे, आईंना घेऊन. आधी डॉक्टरांना दाखवून या म्हटलं, आणि येताना लांब दोर, दोन उकडलेली अंडी आणा.